कसं तुटलं ते खरं सांगा

३ तारीख, सोमवार

ही वही मला शिक्षा म्हणून मिळालीये. मामा म्हणाले, "तुझे हात रिकामे राहिले की डोकं चालतं, आणि तुझं डोकं चाललं की माझं दुकान बसतं. रोज संध्याकाळी लिहीत बस."

मी म्हटलं, काय लिहू?

"काय तुटलं आणि कसं तुटलं. लिहिण्यासारखं जगात दुसरं काही नसतं."

मामा कवळ्या बनवतात आणि तुटलेल्या जोडतात. पुढच्या खोलीत कारखाना, मागे घर, मधे एक दार. कारखान्यात फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेत, सगळे माझ्याकडे बघून हसतात. परीक्षेत दोनदा आपटल्यावर बाबांनी मला इथे पाठवलं, त्याला चार महिने झाले. माझं काम कार्ड भरायचं. प्रत्येक दुरुस्तीचं एक कार्ड, त्यावर तीन ओळी: काय तुटलं. कसं तुटलं. कारण दूर झालं का. कसं तुटलं ते खरं सांगितल्याशिवाय मामा तुकड्याला हात लावत नाहीत. परवा एक आजोबा आले होते. कसं तुटलं, कुत्र्याने चावलं. कारण दूर झालं का, नाही, कुत्रा लाडका आहे. मामांनी मान डोलावली आणि परत तुटू नये म्हणून आत तार घालून दिली. तुटायचं कारण घरातच राहणार असेल तर आत तार घालायची, असा त्यांचा कायदा आहे.

तर आज काय तुटलं? एक डॉक्टर. महिन्याला सहा-सात कामं पाठवायचे. शनिवारी त्यांच्या डब्यात कवळीसोबत मी एक प्लास्टरचा जबडाही ठेवला, त्याच्या दातांत सिगारेट आणि चिठ्ठी: "पेशंटला समजवा." डबा डॉक्टरांच्या आधी पेशंटनेच उघडला. आता त्यांची कामं कोपऱ्यावरच्या काचेच्या मोठ्या लॅबला जाणार.

मामा ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत तेव्हाच भीती वाटते. म्हणाले, "आपली ती वेबसाईट आहे ना, जिच्यावरून आजवर चिटपाखरू आलं नाही. महिना संपायच्या आत तिच्यावरून एक गिऱ्हाईक, एकच, पुढच्या दारातून आत आण. नाही आलं तर एक तारखेला बॅग उचलायची आणि बापाच्या गोदामात पोती मोजायची. आणि मधे एक जरी खोडी कानावर आली, तर एक तारखेचीही वाट बघायची नाही."

मामी मधे पडली म्हणून महिना तरी मिळाला. ती म्हणाली, "अहो, ती आहे म्हणून या घरात माणसाचा आवाज येतो. नाहीतर तुमचे जबडे आणि मी." आणि हसली. मामी हसते तेव्हा मान मागे टाकून बत्तीसच्या बत्तीस दाखवते. माझं अर्धं डोकं चालतं ते त्या हसण्यासाठी.

४ तारीख, मंगळवार

सकाळी एक खोडी झाली, पण ती धरायची नाही. ती मी रविवारीच लावून ठेवलेली आणि काढायला विसरले. फ्रीजमधे अंड्यांच्या खणात एक मेणाची कवळी, दातांत अंडं धरून. मामीने अंडी काढायला खणाचं झाकण उघडलं. आधी किंकाळी, मग भिंत हलेल असं हसणं. मग एकदम मधेच बंद. टक्कन काहीतरी फरशीवर पडलं, बहुतेक चमचा. मी धावत गेले तर मामी तोंडावर हात धरून वाकलेली.

"लागलं का?"

मान हलवून नाही म्हणाली. मामांनी कारखान्यातून विचारलं, काय झालं गं? मामीने मला डोळ्याने गप्प केलं, पाण्याचा नळ मोठा सोडला आणि आत निघून गेली. वाचवलं बाईने.

मग कामाला लागले. मामांनी फोन दाखवला. "बघ, कवळी म्हणून शोधलं की पहिले आपणच. तरी कुणी येत नाही."

मी गल्लीतल्या झेरॉक्सताईकडे गेले. हिला कॉम्प्युटरचं सगळं येतं, फक्त हसता येत नाही. ती म्हणाली, "तुझे मामा रोज उठून स्वतःलाच शोधतात ना? फोनला कळलंय यांना काय बघायला आवडतं. तो यांना तेच दाखवतो. आरशात बघून माणूस म्हणतो गर्दी झाली, त्यातला प्रकार."

तिच्या मशीनवर शोधलं. आम्ही पाचव्या पानावर. आमच्या वर दंतमंजनाची तीन दुकानं आणि हत्तीच्या दातांवर एका शाळेतल्या मुलाचा निबंध.

मामांना सांगितलं नाही. सकाळी तेवढाच एक आनंद असतो त्यांना. आल्यावर मामीच्या फोनवरही आपली वेबसाईट टाकून दिली, बोट लावलं की उघडते. म्हटलं, घरचे तरी बघणारे वाढतील.

६ तारीख, गुरुवार

आमच्या पानाचं नाव काय होतं माहितीये? "मुखपृष्ठ". ताई म्हणाली, "शोधणाऱ्याला आधी दिसतं ते पानाचं नाव. मुखपृष्ठ शोधत कोण हिंडतंय?" आणि आत लिहिलेलं, "आम्ही कृत्रिम दंतसंचाची दर्जेदार निर्मिती करतो." ताईने विचारलं, "कवळी तुटल्यावर माणूस घरात काय बोलतो?"

"अगं बाई, कवळी तुटली."

"मग तेच लिही ना. लोक जे शब्द बोलतात तेच शोधतात. दंतसंच कुणाचा तुटत नाही."

नवीन नाव: "तुटलेली कवळी त्याच दिवशी जोडून मिळेल." बरं वाटलं. मग माझं डोकं चाललं. एकदा कवळी लिहून एवढा फायदा, तर दोनशेदा लिहून किती? दोनशे बारा वेळा लिहिलं. वाचणाऱ्याला त्रास नको म्हणून निम्मं पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात. माणसाला दिसणार नाही, यंत्राला दिसेल. परीक्षेत हे असलं विचारत नाहीत म्हणून मी नापास.

मामीचा घसा बसलाय. दोन दिवस नाकापर्यंत मफलर. दुधात पाव बुडवून खाते, तोही पाठ करून.

११ तारीख, मंगळवार

पाचव्या पानावर नाही. दहाव्यावर नाही. कुठेच नाही. हत्तीचा निबंध होता तिथेच आहे.

ताईने पान उघडलं, बोटाने सगळं निवडून निळं केलं, तशी माझी लपवलेली अक्षरं उघडी पडली. ती त्या शंभर कवळ्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "तुला काय वाटतं, ही युक्ती करणारी तू पहिली? तुझ्यासारख्या लाखभर येऊन गेल्या, म्हणून यंत्र आता आधी तेच बघतं. काढ."

काढलं. फोटोही कमी केले. मी जबड्यांचे बारा फोटो टाकलेले, एवढे जड की पान उघडेपर्यंत माझं संत्रं सोलून खाऊन झालं. आता तीनच ठेवलेत, हलके, आणि प्रत्येकाला नाव दिलंय: "मधोमध तुटलेली खालची कवळी, जोडण्याआधी." आधी त्या फोटोचं नाव नुसता आकडा होता. यंत्राला फोटो बघता येतो की नाही देव जाणे, पण नाव वाचता येतं.

मग म्हटलं, गिऱ्हाइकांचे चार चांगले शब्द हवेत. जुन्या लोकांना फोन केले. एक बाई म्हणाल्या, "काय लिहू? माझे दात खोटे आहेत आणि छान आहेत, सही, नाव, गाव?" खरंय. मामा म्हणतात, चांगली कवळी म्हणजे जी समोरच्याला कळतच नाही. तीस वर्षं हा माणूस न दिसणारं काम करतोय आणि मला ते सगळ्यांना दिसायला हवंय.

चार अभिप्राय मीच लिहून टाकले. एकात लिहिलं, "या कवळीने मी नवऱ्याला चावले, उत्तम पकड." ताईने तेही काढायला लावले. म्हणाली, "खोटे दात विका, खोटी माणसं नको."

जाता जाता तिने वेबसाईटवर एक छोटा चौकोन लावून दिला. आलेला माणूस त्यात लिहून शोधतो आणि त्याने काय लिहिलं ते मला दिसतं. म्हणजे चोरून ऐकायची सोय. पहिल्यांदाच मला या धंद्यात रस वाटला.

१४ तारीख, शुक्रवार

एक माणूस येतोय! रोज. दुपारी बरोबर तीनला, मामा आत पडतात तेव्हा. मी त्याचं नाव तीनवाला ठेवलंय. परवा चौकोनात लिहिलं, "चिकटवणे". काल, "घरी चिकटवणे". आज, "घरी चिकटवणे कुणाला न कळता".

मी मामीला सांगितलं. मफलरमधून नुसती "हं" म्हणाली. पूर्वी असलं काही सांगितलं की पोट धरायची. माझ्यावर चिडलीये, नक्की. अंड्यावरूनच. दहा दिवसांत एकदा हसली नाही. काल मी मामांची नक्कल करून दाखवली, प्लास्टर कालवताना ते तोंड करतात ती, तर उठून आतच गेली. गोदामापेक्षा हे वाईट आहे.

तीनवाल्याचा मी विचार केला. कवळीवाल्याच्या पानावर येऊन कवळी घरी चिकटवायची चौकशी कोण करेल? काचेच्या लॅबचा हेर. आमची युक्ती चोरायला आलाय. थांब म्हटलं.

१५ तारीख, शनिवार

हेरासाठी खास पान लिहिलं. नाव, "कवळी घरच्या घरी चिकटवा, पाच मिनिटांत, कुणाला न कळता". शब्द सगळे त्याचेच. आत लिहिलं: चपलेला लावतात तो गोंद घ्यावा, थेंबभर लावावा, शंभर अंक मोजून तोंडात बसवावी, गरम पाण्याने चूळ भरावी. पाठ थोपटून घेतली.

संध्याकाळी मामी म्हणाली, "तुझ्याकडे तो चपलेचा गोंद आहे ना? कपाचा कान निघालाय." दिला. दहा दिवसांत एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली माझ्याशी. राग उतरतोय.

१८ तारीख, मंगळवार

तिसरे! ताईच्या मशीनवर, "कवळी चिकटवणे" म्हणून शोधलं तर आम्ही पहिल्या पानावर तिसरे. ताई नव्हती, तिच्या भावाने शोधून दाखवलं. हत्ती कुठल्या कुठे. खरं लिहिलं तेव्हा पाचवं पान, चेष्टा केली तेव्हा पहिलं.

मामीने गोंद परत दिला. कप काय सुंदर जोडलाय. मी सगळे कप उजेडात धरून बघितले, सांधाच सापडत नाही. मामांनी तिला कारखान्यात घ्यायला हवं.

पण आज ती जेवायला आली नाही. ओठ सुजलेत, म्हणते दाढ दुखते. मामा म्हणाले, "बघू, तोंड उघड."

"दिवसभर लोकांची तोंडंच बघता," ती मफलर धरून म्हणाली, "घरात तरी सुट्टी द्या."

मामांनी मग उठून तिच्यासाठी मिठाचं कोमट पाणी करून आणलं आणि दाराबाहेर ठेवलं.

२१ तारीख, शुक्रवार

ताईने ते पान वाचलं. मला बोलावून घेतलं. गिऱ्हाइकं उभी होती, तरी थांबवून ठेवली.

"हे तू लिहिलंस?"

"हेरासाठी."

"हेराचं नाव लिहिलंयस वर? पहिल्या पानावर तिसरं आहे ते. कालपासून तेवीस माणसांनी वाचलंय. त्यातल्या एकाने जरी तोंडात गोंद घातला तर? दुकानाचं नाव बघून माणूस म्हणणार, कवळीवाल्यानेच सांगितलंय, खरंच असणार. अगं, वर चढायचं शिकवलं मी तुला, वर काय न्यायचं तेही शिकवायचं का?"

तेवीस. मला पहिल्यांदा वाटलं की त्या चौकोनापलीकडे तोंडं असतात.

पान तिथेच काढलं. घरी येऊन मामांना विचारलं, कवळी गोंदाने चिकटवली तर काय होतं? मामा पॉलिशच्या चाकापाशी होते. चाक बंद केलं. असं काही विचारलं की हा माणूस खुलतो. बोलत गेले, मी जसंच्या तसं लिहीत गेले.

"गोंद लावू नका. तो हिरडीला भाजतो. शिवाय तुकडे केसभर वाकडे बसतात आणि मग मलाही सरळ करता येत नाहीत. सगळे तुकडे आणा, बारीक कणसुद्धा. ओल्या रुमालात गुंडाळा, वाळू देऊ नका. गोंद लावून बसला असाल तर तसं सांगा, रागावत नाही. तोंड आलं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, मग माझ्याकडे या. दात नाहीत म्हणून बोलायची लाज वाटत असेल तर बोलू नका, लिहून द्या. माझ्याकडे येणारं प्रत्येक माणूस तोंडावर हात धरूनच येतं."

पान टाकलं. नाव, "कवळी तुटली? गोंद लावू नका, आधी हे वाचा". मधे मी एक शब्द घातला नाही. एवढं न सुचणं मला पहिल्यांदाच झालं.

मामी दुपारीच एकटी डॉक्टरकडे जाऊन आली म्हणे. मलम आणलंय.

२४ तारीख, सोमवार

पान दुसऱ्या नंबरवर आलं. ताईने दाखवलं आणि वर म्हणाली, "चेष्टेपेक्षा एक पायरी वर, बघ."

तीनवाला आज अकरा मिनिटं थांबला. पानाला एवढा वेळ कुणी देत नाही, मी तर पुस्तकालाही दिलेला नाही. मग चौकोनात लिहिलं, "कसं तुटलं ते सांगावंच लागतं का".

हेराला काय करायचंय हे? हा हेर नाहीये बहुतेक. आणि आम्ही कसं तुटलं ते विचारतो हे त्याला कुणी सांगितलं? पानावर तर कुठेच नव्हतं. जुनं गिऱ्हाईक असणार.

मामांना विचारलं. लोक सांगायला लाजले तर?

"लाजत नाहीत," मामा म्हणाले. "खोटं बोलतात. आणि स्वतःसाठी नाही, घरातल्या कुणाला तरी वाचवायला. नातवाने फेकली म्हणायचं नसतं, म्हणून म्हणतात बेसिनमधे पडली. मग मी बेसिनच्या हिशेबाने जोडतो आणि नातू परत फेकतो. त्यांना म्हणावं, खरं सांगा. मी कुणाला फासावर देत नाही. तार घालायची की नाही, तेवढंच ठरवतो."

तेही तसंच पानाखाली टाकलं.

२७ तारीख, गुरुवार

एकशेचाळीस जणांनी वाचलं. दारात शून्य. दोन फोन आले, दोन्ही दुसऱ्या गावचे. बाबांचाही आला, पोती वाट बघतायत म्हणून.

मी बॅग भरली. मामी दाराला टेकून बघत होती. मी एक प्लास्टरचा जबडा मोज्यात घालून बॅगेत टाकला, म्हटलं, "गोदामात कुणीतरी हसणारं हवं ना." तिचे डोळे हसले, खांदे हलले, पण तोंडावर दोन्ही हात. मग डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, अजून रागावलीयेस का? तिने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि जबडा बॅगेतून काढून घेतला.

२९ तारीख, शनिवार

कामाचा शेवटचा दिवस. उद्या रविवार, कारखाना बंद. बॅग पुढच्या दारापाशी आणून ठेवली होती. चार वाजेपर्यंत कोणी नाही. मामा हत्यारं पुसत होते, सावकाश, एकेक.

सव्वाचारला दार वाजलं. पुढचं, रस्त्यावरचं. मी उघडलं. बाहेर मामी.

चपला घातलेल्या, पर्स घेतलेली, वर मफलर. मागच्या दाराने निघून अख्ख्या गल्लीला वळसा घालून आली होती. मधलं दार चार पावलांवर असताना. मी म्हटलं, किल्ली विसरलीस? ती सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मामांना म्हणाली, "वेबसाईट बघून आले."

तिचे स आणि फ हवेत जात होते. तिने मफलर काढला. वर पुढे चार दात नव्हते.

मला चार महिने माहीत नव्हतं. मामांची कवळी ती. कळत नाही तीच चांगली.

तिने पर्समधून ओला रुमाल काढला. आत पुढच्या चार दातांची प्लेट, दोन तुकडे, आणि एक कण कागदात वेगळा बांधलेला. मामांनी तुकडा उचलला, उजेडात धरला, नाकाशी नेला. वास घेतला. माझ्याकडे बघितलं. फळीवर माझ्या खोक्यात तो गोंद आहे. त्यांच्यासमोर रोज असतो.

मला कप आठवला. मग सुजलेला ओठ. मग शंभर अंक मोजून. याच्यावर मी इथे काही लिहीत नाही.

"चुकलं," मी म्हटलं. 

"ते पान काढलंस ना?" मामी म्हणाली.

"काढलं."

"मग झालं. दुसरं चांगलं लिहिलंयस. मी रोज तीनला वाचते."

मामांनी तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, हिरडी बघितली, चारी बाजूंनी. या वेळी तिने उघडलं. मग हात धुतले, पुसले, आणि मला म्हणाले, "कार्ड घे."

मी कार्ड घेतलं. 

"काय तुटलं?"

"वरची, पुढचे चार," मी लिहिलं.

मामा तिच्याकडे वळले. जसं सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं, "कसं तुटलं? खरं सांगायचं."

मामीने फ्रीजचं नाव काढलं नाही. अंड्याचं नाही, माझं नाही. फळीवरच्या जबड्यांकडे बघत म्हणाली, "हसताना."

मामांनी मान डोलावली. मी लिहिलं.

"कारण दूर झालं का?" मी तिसरी ओळ वाचली. तोंडातून निघून गेली आणि मग कळलं मी काय विचारलं.

मामांनी दारातल्या बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. 

"लिही, नाही," ते म्हणाले. "आत तार घालतो."

"दुहेरी घाला," गिऱ्हाईक म्हणालं.